बिल्ड टूलने मूग गिळून बसू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नवोदित प्रोग्रामरांसाठी चालणाऱ्या सदरातला बिल्ड टूलची ओळख करून देणारा लेख वाचला. लेख सोपा आणि नेटका आहे. मात्र त्यातल्या एका विधानाला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. काही चुकले तर बिल्ड टूल आपणहून थांबते आणि चूक दाखवते, असे लेखक म्हणतात. प्रोग्रामच्या व्याकरणात चूक असेल तर ते खरे आहे. पण दोन वेगवेगळ्या गोष्टींचे आउटपुट एकाच नावाने एकाच जागी लिहायची वेळ आली, किंवा जिथे फाइल लिहायची तिथे त्याच नावाचे फोल्डर आधीच ठाण मांडून बसले असले, तर कोणते टूल काय करील याचा नेम नाही. काही थांबतात, काही कुरकुरत पुढे जातात, आणि काही एकावर दुसरे लिहून मोकळी होतात व वर ‘बिल्ड यशस्वी’ असेही सांगतात. मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो, आणि मराठी मजकुराची संकेतस्थळे बनवणाऱ्यांना या तिसऱ्या प्रकाराचा फटका इतरांपेक्षा जास्त बसतो असे माझे निरीक्षण आहे.

लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ फाइलींपासून चालवता येणारा प्रोग्राम, मोबाइलवरचे ॲप किंवा संकेतस्थळाची पाने तयार करण्याचे काम बिल्ड टूल करते आणि तयार माल एका आउटपुट फोल्डरमध्ये ठेवते. एका फोल्डरमध्ये एक नाव एकदाच, हा फाइल सिस्टिमचा साधा नियम आहे. ते नाव फाइलला दिले की त्या नावाचे फोल्डर तिथे होऊ शकत नाही, आणि फोल्डरला दिले की फाइल होऊ शकत नाही. मूळ फाइली आपापल्या फोल्डरांत सुखाने नांदत असतात. आउटपुटमध्ये एकत्र आल्या की भांडण लागते. एकच सदनिका दोघांना विकायची, दुसऱ्याच्या हाती किल्ली ठेवायची आणि पहिल्याला काहीच कळवायचे नाही, तसा हा प्रकार आहे.

भांडण जुने आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे बिल्ड टूल लिहिले, तेव्हापासून मेकच्या दृष्टीने टार्गेट, म्हणजे जे तयार करायला सांगितले ते, ही एक फाइल. ‘मेक डॉक्स’ असा हुकूम दिला की ते ‘डॉक्स’ नावाचे काही डिस्कवर आहे का, हे आधी पाहते. आता बहुतेक प्रकल्पांत दस्तऐवजांचे ‘डॉक्स’ नावाचे फोल्डर असतेच. आणि ते टार्गेट दुसऱ्या कशावर अवलंबून नसेल, तर मेक ‘डॉक्स इज अप टू डेट’ एवढे सांगून हात झटकते. दस्तऐवज मात्र एकही तयार झालेला नसतो. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत ‘टेस्ट’ नावाचे टार्गेट आणि शेजारी ‘टेस्ट’ नावाचेच फोल्डर ही जोडी हमखास भेटते, आणि चाचण्या चालल्याच नाहीत हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही, कारण पडद्यावर चूक म्हणावे असे काही उमटलेले नसते. हे टार्गेट म्हणजे फाइल नव्हे, नुसते कामाचे नाव आहे, असे मेकला बजावणारी ‘फोनी’ ही घोषणा त्यावरचा उपाय आहे. टार्गेटला मूळ फाइली जोडल्या तरी फोल्डरची तारीख फसवी ती फसवीच. आत एखादी फाइल नव्याने आली, काढली गेली किंवा तिचे नाव बदलले तरच ती तारीख बदलते, आतल्या फाइलीचा मजकूर बदलल्याने नाही. फोल्डरच्या तारखेवरून काम ताजे की शिळे हे ठरवणारा माणूस आज ना उद्या गोत्यात येतोच.

फाइल आणि फोल्डर यांची समोरासमोर टक्कर होते तिथे निदान आवाज तरी होतो. सी भाषेतल्या प्रोग्रामचे नाव ‘हिशेब’ आणि मूळ कोडचे फोल्डरही ‘हिशेब’ असेल, आणि आउटपुटसाठी वेगळी जागा न ठेवता तिथल्या तिथे बिल्ड केली, तर लिंकर (तयार तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारे टूल) ‘आउटपुट फाइल उघडता येत नाही, ही डिरेक्टरी (म्हणजे फोल्डर) आहे’ असे म्हणून अडतो. हा संदेश बिल्डच्या अगदी शेवटच्या पायरीवर येतो, म्हणजे सगळे कंपाइल होऊन (मूळ कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होऊन) वेळ खर्ची पडल्यावर. गो भाषेचे टूलही त्या नावाचे फोल्डर आधीच आहे असे स्पष्ट सांगून थांबते. रस्ट भाषेच्या ‘कार्गो’ या बिल्ड टूलने मात्र यात पुढचा विचार केलेला दिसतो. कार्गो तयार प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये ठेवते, तिथेच त्याची स्वतःची ‘डेप्स’, ‘बिल्ड’, ‘एक्झाम्पल्स’ आणि ‘इन्क्रिमेंटल’ ही फोल्डरे असतात; म्हणून प्रोग्रामला यांपैकी एखादे नाव देऊ पाहिले की ते नाव वर्ज्य आहे, कार्गोच्या फोल्डरशी त्याची टक्कर होते, असे ते सुरुवातीलाच ऐकवते. एक ओळही कंपाइल होण्याआधी कारणासकट मिळालेला हा नकार मला फार आवडतो.

खरी गोम आहे ती दोन फाइलींनी एकाच नावावर दावा सांगितल्यावर. तिथे फाइल सिस्टिम काहीच अडवत नाही. जुनी फाइल पुसून नवी लिहिणे हे तिच्या लेखी रोजचेच काम. ग्नू मेकमध्ये (मेकच्या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या अवतारात) एकाच टार्गेटच्या दोन कृती लिहिल्या, तर ते जुनी सोडून नवी घेत असल्याची सूचना देते आणि चालू लागते. गूगलच्या क्रोम ब्राउझरसाठी लिहिलेल्या ‘निंजा’चा जुना संदेश तर बिल्डच्या दुनियेतला एक नमुनाच म्हणावा लागेल. अनेक नियम ही एकच फाइल तयार करतात, या टार्गेटशी संबंधित बिल्ड बरोबर होणार नाही, तरीही पुढे जात आहोत, अशा अर्थाचा तो संदेश होता! पुढच्या आवृत्त्यांत निंजाने त्याची चूक केली, म्हणजे बिल्ड तिथेच थांबू लागली, आणि ते योग्यच झाले. कार्गो मात्र इथे मवाळ पडते. एकाच कार्यक्षेत्रातल्या दोन पॅकेजांनी एकाच नावाचा प्रोग्राम तयार केला, तर आउटपुटच्या नावांची टक्कर होत आहे आणि भविष्यात कदाचित ही पक्की चूक ठरवली जाईल, अशी सूचना ते गेली कित्येक वर्षे देत आले आहे. त्या ‘भविष्यात’ची वाट पाहणारे आम्ही बरेच जण आहोत. कार्गो लिहिणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. सूचनेची चूक केली, की काल चालणारे कितीतरी प्रकल्प आज बंद पडतील आणि शिव्या टूलला बसतील. पण म्हणूनच ही गोष्ट पहिल्या आवृत्तीपासून कडक असायला हवी, नंतर कडक करणे कोणालाच झेपत नाही.

टाइपस्क्रिप्टचा कंपायलर या बाबतीत शहाणा आहे. एकाच फोल्डरमध्ये ‘यादी’ नावाची एक टीएस आणि एक टीएसएक्स फाइल (टाइपस्क्रिप्टच्या मूळ फाइलींचे हे दोन प्रकार) असेल, तर दोघींपासून ‘यादी’ नावाचीच जेएस, म्हणजे जावास्क्रिप्टची, फाइल होणार. ही फाइल दोन मूळ फाइलींकडून लिहिली जाईल म्हणून ती लिहिता येत नाही, असे तो सांगतो. आउटपुट मूळ फाइलीवरच पडणार असेल, तर त्यासाठी त्याच्याकडे निराळी चूक आहे, कारण तिथे गमावण्यासारखा तयार माल नसून माणसाने हाताने लिहिलेले कोड असते. संकेतस्थळाचे कोड एकत्र बांधणाऱ्या वेबपॅकने थोडी वेगळी वाट धरली आहे. दोन आउटपुटचे नाव एक आणि मजकूरही एक असेल तर ते चालवून घेते, मजकूर वेगळा असेल तर संघर्षाची चूक दाखवते. ही सवलत मला मान्य आहे. तेच काम करणारा रोलअप तर दुसऱ्या फाइलीच्या नावापुढे आकडा जोडून मोकळा होतो. प्रोग्रामच्या आतल्या तुकड्यांना हे ठीक, कारण त्यांचे उल्लेखही टूलच बदलते; पण ज्या पानाचा पत्ता बाहेर लोकांनी साठवून ठेवला आहे, त्याला असे परस्पर नवे नाव देणे म्हणजे पान हरवण्यासारखेच आहे.

या सगळ्यांत माझ्या मते आदर्श वागणूक ‘बेझल’ची. गूगलमध्ये आतल्या वापरासाठी घडलेले आणि २०१५ मध्ये सर्वांना खुले झालेले हे टूल काहीही लिहिण्याआधी कोणती कृती कोणती फाइल तयार करणार याचा पूर्ण आराखडा मांडते. दोन कृतींचे आउटपुट एक असेल तर दोघींची नावे सांगते. एवढेच नव्हे, एका आउटपुटचा पत्ता ‘अहवाल’ आणि दुसऱ्याचा ‘अहवाल’ या फोल्डरातली ‘सूची’ असेल, तर एक पत्ता दुसऱ्याचा पूर्वार्ध आहे, दोन्ही एका वेळी असू शकत नाहीत, एकाचे नाव बदला किंवा एकच बिल्ड करा, असे ते समजावते. फाइल आणि फोल्डर यांची टक्कर डिस्कला हात न लावता, निव्वळ पत्त्यांची तुलना करून पकडता येते, हे यावरून दिसते. गंमत अशी की या कडक टूलच्या नियमांची फाइलच नावाच्या भानगडीत सापडली. तिचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘बिल्ड’. आणि इतर अनेक टूल्स आपले आउटपुट लहान अक्षरांतल्या ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये ठेवतात. लिनक्सवर ही दोन वेगळी नावे, पण मॅक आणि विंडोज नेहमीच्या मांडणीत लहानमोठ्या अक्षरांत भेद करत नाहीत. तिथे फाइल असताना ते फोल्डर होईना. शेवटी नियमांच्या फाइलीला ‘बिल्ड डॉट बेझल’ हे दुसरे नावही मान्य करण्यात आले.

देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, तेव्हा आपण या त्रासातून सुटलो असे वाटेल. पण आपल्या वाट्याला दुसरे दुखणे आहे, आणि ते संकेतस्थळांच्या बिल्डमध्ये उद्भवते. संकेतस्थळ बनवणारी टूल्स लेखाच्या शीर्षकातून विरामचिन्हे वगैरे गाळून पत्त्याला चालेल असे नाव तयार करतात, त्याला स्लग म्हणतात. त्या नावाचे फोल्डर होते आणि पान त्यात ‘इंडेक्स’ म्हणून जाते. हे गाळण्याचे काम बहुधा ‘शब्दात चालणारे अक्षर’ या अर्थाच्या, बॅकस्लॅश आणि डब्ल्यू अशा खुणेवर चालते. जावास्क्रिप्टमध्ये या खुणेत फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा येतात. म्हणजे अख्खे मराठी शीर्षक गळून स्लग रिकामा राहतो आणि सगळे लेख एकाच जागी लिहिले जातात. हे निदान पहिल्याच दिवशी लक्षात येते. पायथनमधली गोष्ट जास्त कावेबाज आहे. तिथे मूळ अक्षरे राहतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त या चिन्हांना ती खूण अक्षर मानत नाही. जँगो या पायथनमधल्या प्रसिद्ध फ्रेमवर्कचे (संकेतस्थळे बनवण्याच्या तयार चौकटीचे) स्लग बनवणारे फंक्शन युनिकोडची (सर्व लिप्यांच्या अक्षरांना सांकेतिक अंक देणाऱ्या प्रणालीची) मुभा देऊन वापरले तरी याच खुणेवर भिस्त ठेवते.

याचा परिणाम कसा होतो पाहा. ‘पुणे’ या शब्दातून उकार आणि मात्रा काढा, उरते ‘पण’. ‘पेण’मधली मात्रा काढा, उरते ‘पण’. ‘पाणी’चेही ‘पण’च होते. ‘सातारा’ आणि ‘सुतार’ दोन्ही ‘सतर’ होऊन बसतात. एका संस्थेचे गावोगावची माहिती देणारे संकेतस्थळ आमच्याकडे दुरुस्तीला आले होते, त्यात पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांवर सचित्र पान होते आणि दुव्यावर टिचकी मारली की उघडायचे पुण्याचे पान. कधी कधी उलटही व्हायचे, कारण पाने समांतर तयार होत आणि जे शेवटी लिहिले जाई ते टिके. बिल्डच्या नोंदीत दोन्ही पाने तयार झाल्याचे नमूद होते. आउटपुटमध्ये मात्र ‘पण’ नावाचे एकच फोल्डर होते. संस्थेच्या लोकांनी पान पुन्हा पुन्हा टाइप करून भरले होते, बिचाऱ्यांना आपलेच काही चुकते असे वाटत होते. दोन पानांचा पत्ता एकच होत आहे, एवढी एक ओळ टूलने छापली असती तरी हा मनस्ताप वाचला असता.

दुसरे दुखणे ‘ऱ’चे. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका सांकेतिक अंकाने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन अंकांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडच्या नियमांनुसार ते समानच आहेत. मॅकची फाइल सिस्टिम हे नियम पाळून त्यांना एकच नाव मानते. लिनक्स फक्त बाइट, म्हणजे साठवलेले अंक, पाहते, म्हणून तिथे शेजारी शेजारी हुबेहूब एकाच नावाची दोन फोल्डरे होतात. प्रोग्रामरच्या मॅकवर एकाने दुसऱ्याला पुसलेले, सर्व्हरवर दोन्ही जिवंत! शिवाय काही कीबोर्ड ‘दऱ्या’ हा शब्द र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक वापरून उमटवतात. स्लग बनवताना तो जोडक गाळला गेला की ‘दर्या’ उरतो, आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचे पान कोकणच्या दर्याच्या पानावर जाऊन आदळते.

संकेतस्थळे बनवणाऱ्या टूल्सचे स्वभावही तऱ्हेतऱ्हेचे आहेत. ‘इलेव्हन्टी’ दोन मूळ फाइली एकाच पत्त्यावर लिहीत आहेत असे दिसताच दोघींची नावे सांगून बिल्ड थांबवते. ‘जेकिल’ अलीकडच्या आवृत्त्यांत टकरीची सूचना देते, त्या फाइलीत अनपेक्षित मजकूर असू शकेल असेही बजावते, पण थांबत नाही. ‘ह्यूगो’ला पत्त्यांच्या टकरी दाखव असे वेगळे सांगावे लागते, आपणहून ते तोंड उघडत नाही. ‘स्वेल्टकिट’च्या दस्तऐवजांत तर फाइल आणि फोल्डर यांच्या टकरीवर स्वतंत्र परिच्छेद आहे. एका मार्गाचे (संकेतस्थळातल्या पत्त्याचे) उत्तर एखाद्या नावाच्या फाइलीत आणि त्याच्या पोटातल्या मार्गाचे उत्तर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये जाणे अशक्य असल्याने मार्गाच्या नावाला नेहमी फाइलीचा प्रकार जोडावा, असा सल्ला तिथे दिलेला आहे. ही टक्कर सर्व्हर चालू असताना होत नाही, कारण तिथे डिस्कवर काही लिहायचेच नसते. ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या साठवणीतही होत नाही, कारण तिथे खरी फोल्डरे नसतात आणि ‘अहवाल’ व ‘अहवाल/सूची’ ही दोन स्वतंत्र नावे गुण्यागोविंदाने राहतात. त्यामुळे ती नेमकी पाने आधीच तयार करून डिस्कवर ठेवण्याच्या दिवशी उगवते.

सगळी आउटपुट आधी ठाऊक नसतात, प्लगइन (टूलला जोडलेले पूरक प्रोग्राम) आयत्या वेळी फाइली निर्माण करतात, मग आराखडा मांडायचा कसा, असा आक्षेप काही सहकारी घेतात. तो अर्धाच खरा आहे. आराखडा नाही तर नाही, पण लिहिताना प्रत्येक पत्ता आणि तो मागणाऱ्या मूळ फाइलीचे नाव यांची एक नोंद ठेवता येते; त्याच पत्त्यावर दुसरा कोणी आला, किंवा पत्त्याच्या वाटेतल्या एखाद्या नावावर आधीच फाइल आढळली, तर थांबायचे. ही तुलना करण्यापूर्वी नावे युनिकोडच्या एका ठरावीक रूपात आणून लहानमोठ्या अक्षरांचा भेद पुसावा, म्हणजे लिनक्सवर बिल्ड करणाऱ्यालाही मॅकवाल्याचे दुखणे आधीच कळेल. मागच्या बिल्डचे अवशेष हा प्रश्न मात्र निराळा आहे. काल ‘माहिती’ ही फाइल होती, आज ते फोल्डर झाले, आणि आउटपुट साफ केलेले नसेल, तर दोष आजच्या कोडचा नसताना बिल्ड पडते. तिथे आउटपुट फोल्डर आधी रिकामे करणे हाच मार्ग. पण ‘व्हीट’ हे बिल्ड टूल जशी काळजी घेते, म्हणजे ते फोल्डर प्रकल्पाच्या बाहेर असेल तर स्पष्ट परवानगीशिवाय रिकामे करत नाही, तशी काळजी घ्यावी, नाहीतर साफसफाईत कोणाचे तरी घर धुऊन जायचे.

आपल्या सदराच्या लेखकांना माझी विनंती आहे की पुढच्या लेखात वरील विधानाची दुरुस्ती करावी आणि वाचकांना एक छोटा प्रयोग द्यावा. ‘पुणे’ आणि ‘पेण’ या शीर्षकांची दोन पाने आपापल्या टूलमध्ये तयार करून आउटपुटमध्ये किती फोल्डरे होतात ते मोजायचे. एकच झाले, तर स्लग बनवणाऱ्या फंक्शनमध्ये अक्षरांबरोबर काना-मात्रांसारख्या जोडचिन्हांचा वर्गही चालेल अशी दुरुस्ती करायची, आणि टूल न बोलता पुढे गेले असेल तर त्याच्या निर्मात्यांकडे तशी तक्रार याच दोन शब्दांसह नोंदवायची. ही टूल्स बहुतांशी मुक्त स्रोत आहेत आणि त्यांच्या निर्मात्यांना देवनागरी येत नाही. उदाहरण हाती दिल्याशिवाय चूक त्यांना दिसणार नाही. महाविद्यालयांतल्या शिक्षकांनीही मेकचा पाठ घेताना ‘टेस्ट’ नावाचे रिकामे फोल्डर मुद्दाम करून दाखवावे आणि ‘फोनी’ची गरज त्यानंतर सांगावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)